कणकेचा गळा: गर्भात डोकं आणि मान कशी घडते, हे हातांनी शिकताना

फर्स्ट इयरच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक प्रश्न हमखास येतो. हनुवटीखालचा डायगॅस्ट्रिक हा एकच स्नायू, पण त्याच्या पुढच्या भागाला मेंदूतून निघणाऱ्या नर्व्हपैकी पाचवी आणि मागच्या भागाला सातवी. असं का? विद्यार्थी दोन्ही नर्व्ह बरोबर सांगतो, आणि ‘का’ म्हटलं की गप्प होतो. शरीररचना शिकवायला लागल्यापासून हे मी इतक्या वेळा पाहिलंय, की त्याचा दोष मुलांना द्यावासा वाटत नाही. त्यांच्या हाती तक्ता दिलेला असतो: कमान (गर्भाच्या गळ्याच्या बाजूला उमटणारा उंचवटा) अमुक, नर्व्ह अमुक, स्नायू अमुक. तक्ता जागचा हलत नाही. गर्भ मात्र दर दिवसाला हलत, वळत, सरकत असतो. जे हलतं ते हातांनी करून पाहिल्याशिवाय डोक्यात बसत नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून ही पद्धत. एक रविवार सकाळ पुरते. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, नर्सिंग, कुणालाही जमेल. घरी कुणाच्या बाळाला दुभंगलेला ओठ असेल आणि नेमकं काय झालं हे समजून घ्यायचं असेल, तर शेवटचे दोन भाग आधी वाचले तरी चालतील.

आधी दिवसांचा हिशोब

सोनोग्राफीच्या रिपोर्टवरचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले असतात. गर्भविज्ञानाच्या पुस्तकातले आठवडे गर्भधारणेपासून. फरक साधारण दोन आठवड्यांचा. हा फरक मनात पक्का नसला की पुढचं सगळं गणित चुकतं, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तो मोठ्या अक्षरात लिहा. या लेखातले आठवडे गर्भधारणेपासूनचे आहेत. रिपोर्टवरचा आकडा सांगायचा असेल तिथे तसं म्हटलंय.

बाविसाव्या दिवसाच्या आसपास पहिली कमान दिसू लागते. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास बाहेरून चार मोजता येतात. त्या वेळी अख्खा गर्भ तांदळाच्या दाण्याहून लहान असतो आणि आईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. बऱ्याच जणींना आपण गरोदर आहोत हे तेव्हा नुकतंच कळलेलं असतं.

मग एक बांगडा

मासे खात असाल तर बाजारातून आणाल तो बांगडा साफ करायच्या आधी नीट पाहा. ताजा आहे का हे बघायला आपण कल्ल्याचं झाकण उचलतो. आत प्रत्येक बाजूला चार लालभडक कमानी असतात, मधे फटी. १८२५ साली मार्टिन राथके यांना डुकराच्या गर्भात गळ्याच्या बाजूला अशाच खाचा दिसल्या, आणि माशाच्या कल्ल्यांचा आराखडा सस्तन प्राण्यांच्या गर्भातही उमटतो हे लक्षात आलं.

माणसाच्या गर्भाला कल्ले नसतात, हे नीट समजून घ्या. आपल्या खाचा आरपार उघडत नाहीत, आत पातळ पडदा राहतो, आणि कुठल्याही टप्प्यावर तिथून श्वास घेतला जात नाही. सारखा आहे तो आराखडा: एकाखाली एक कमानी, प्रत्येकीत एक रक्तवाहिनी, एक नर्व्ह, एक आधाराचा दांडा आणि थोडा स्नायू. बांगड्याचं ते झाकण दुसऱ्या कमानीच्या आधारानं वाढलेलं असतं, एवढं लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडेल.

कणकेची नळी

साहित्य: मळलेल्या कणकेचे तीन गोळे. एकात हळद, एकात बिटाचा रस, एकात कपड्यांची नीळ. शिवाय चमचाभर तीळ, काड्यापेटीतल्या काड्या, पिवळा आणि लाल दोरा, एक जाड पेन. नीळ पोटात जायची नाही, म्हणून ही कणीक काम झाल्यावर टाकून द्या आणि लहान मुलांपासून लांब ठेवा. हे रंग सहज निवडलेले नाहीत. पुस्तकांत आतला थर पिवळा, मधला लाल आणि बाहेरचा निळा रंगवतात. तेच इथे आहेत.

पेनाभोवती पिवळ्या कणकेची पातळ पोळी गुंडाळा. ही झाली आदिम घशाची नळी. लाल कणकेत तीळ कालवा आणि बोटाएवढ्या पट्ट्या वळा, दर बाजूला पाच. हे तीळ म्हणजे न्यूरल क्रेस्टच्या पेशी. त्या मूळच्या इथल्या नाहीत. मेंदूची नळी मिटताना तिच्या काठावरून सुटून त्या या कमानींत उतरतात. चेहऱ्याची बहुतेक हाडं आणि वरच्या कमानींचे कूर्चा त्यांच्यापासून बनतात. स्नायू बनतात नुसत्या लाल कणकेपासून. या पेशी आल्याच नाहीत किंवा कमी आल्या, तर जबडा, कान, टाळू आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्या अशा वरवर असंबद्ध वाटणाऱ्या जागी एकाच बाळात दोष दिसतात. एकाच मुलात चार दोष पाहून गोंधळायला होतं. मूळ शोधायला तिळांकडे बघा.

प्रत्येक पट्टीत एक काडी (आधाराचा दांडा), एक लाल दोरा (रक्तवाहिनी) आणि एक पिवळा दोरा (नर्व्ह) घाला. दोऱ्यांची टोकं बाहेर लांब सोडा. पट्ट्या नळीच्या दोन्ही बाजूंना एकाखाली एक चिकटवा आणि वरून निळ्या कणकेचा पातळ थर द्या. मग सुरीच्या मागच्या बाजूनं दोन पट्ट्यांच्या मधे बाहेरून दाबा: ही खाच, म्हणजे क्लेफ्ट. पेन काढून काडीनं त्याच जागी आतून दाबा: हा खिसा, म्हणजे पाउच. खाचेच्या तळाशी निळा आणि पिवळा जवळजवळ भेटतात, मधे लाल थराचा पापुद्रा राहतो. पहिल्या खाचेतल्या याच पापुद्र्याचा पुढे कानाचा पडदा होतो. म्हणूनच त्याला तीन थर असतात.

पट्ट्यांना क्रमांक द्या: एक, दोन, तीन, चार, सहा. पाचवी कमान माणसात नाममात्र असते किंवा होतच नाही, पण क्रमांक तिच्यासाठी मोकळा ठेवायची रीत आहे.

पिवळा दोरा सोडायचा नाही

या लेखातून एकच गोष्ट नेणार असाल तर ही न्या. कमानीतला स्नायू पुढे कितीही लांब गेला, तरी आपली नर्व्ह बरोबर घेऊन जातो. वरून खाली दोऱ्यांच्या टोकांना चिठ्ठ्या बांधा: पाच, सात, नऊ, दहा, दहा. शेवटच्या दोन दहांत फरक आहे. चौथ्या कमानीला सुपीरियर लॅरिंजियल आणि सहाव्या कमानीला रिकरंट लॅरिंजियल, या स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नर्व्ह; पण दोन्ही व्हेगसच्याच, म्हणजे दहावीच्याच, शाखा.

आता दुसऱ्या कमानीतली थोडी लाल कणीक चिमटीत धरा आणि पातळ ताणत वर कपाळापर्यंत, खाली मानेपर्यंत न्या. हे झाले चेहऱ्यावर भाव आणणारे स्नायू. दोरा मात्र अजून दुसऱ्याच कमानीतून येतोय. कपाळाला आठ्या घालणारी सातवी, ओठ मिटणारी सातवी, मानेवरची कातडी ताणणारीही सातवीच. पहिल्या कमानीची कणीक जबड्यापाशीच राहते: चावायचे चार स्नायू, तोंडाच्या तळाचा मायलोहायॉइड, डायगॅस्ट्रिकचा पुढचा भाग, टाळू ताणणारा टेन्सर आणि कानातला छोटा टेन्सर टिंपनी. सगळे पाचवीचे. डायगॅस्ट्रिकचा मागचा भाग दुसऱ्या कमानीचा. दोन कमानींचे दोन तुकडे मधल्या स्नायुबंधाशी जोडले गेले, म्हणून एका स्नायूला दोन नर्व्ह. व्हायवातलं उत्तर एवढंच.

काड्यांचंही तसंच. पहिल्या कमानीच्या काडीला मेकेलची कूर्चा म्हणतात. तिच्या मागच्या टोकापासून कानातली हातोडी आणि ऐरण होते, बाकीच्या भागाभोवती खालचा जबडा घडतो. दुसरी राइखर्टची: कानातली रिकीब, कानाखालचा टोकदार स्टायलॉइड, गळ्यातल्या हायॉइड हाडाचं छोटं शिंग आणि मधल्या अंगाचा वरचा भाग. तिसरीपासून हायॉइडचं मोठं शिंग आणि खालचा भाग. चौथी-सहावीपासून स्वरयंत्राच्या कूर्चा. मग कानात हातोडीला लागलेला स्नायू पाचवीचा आणि रिकिबीला लागलेला स्टेपीडियस सातवीचा, हे वेगळं पाठ करायची गरजच उरत नाही. सातवी नर्व्ह लुळी पडलेल्या रुग्णाला त्या कानात साधे आवाजही कर्कश का वाटतात, हेही इथेच कळतं: रिकिबीला आवरणारा स्नायू सुटलेला असतो.

तिसरी कमान एकच स्नायू देते, घशातला स्टायलोफॅरिंजियस. स्नायूंपुरतं नववीचं एवढंच काम, म्हणून परीक्षकांना ते आवडतं.

लाल दोऱ्यांपैकी पहिले दोन बहुतेक विरून जातात. तिसऱ्यापासून कॉमन कॅरॉटिड आणि इंटर्नल कॅरॉटिड या मानेतल्या धमन्यांची सुरुवात. चौथ्यापासून डावीकडे महाधमनीच्या कमानीचा भाग, उजवीकडे हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीची सुरुवात. सहावा फुप्फुसाकडे जातो. डावीकडे त्याचा लांबचा भाग जन्मापर्यंत डक्टस आर्टेरिओसस, म्हणजे महाधमनीला जोडणारी वाहिनी, म्हणून उघडा राहतो. आता सहाव्या कमानीचा पिवळा दोरा त्याच कमानीच्या लाल दोऱ्याच्या खालून घाला आणि लाल दोरा छातीकडे ओढा. हृदय गर्भात मानेजवळून खाली उतरतं तेव्हा हेच घडतं. डावी रिकरंट नर्व्ह अडकते आणि ओढली जाऊन छातीतून वळसा घेत स्वरयंत्राकडे परत येते. उजवीकडे सहाव्या वाहिनीचा तो भाग नाहीसा होतो, म्हणून नर्व्ह वर सरकून चौथीला, म्हणजे सबक्लेव्हियनला, वळसा घालते. छातीच्या डाव्या बाजूच्या गाठीनं आवाज बसतो तो यामुळे. हा दोरा स्वतःच्या हातानं ओढलेला विद्यार्थी ते पुन्हा विसरलेला मी पाहिलेला नाही.

बाहेरच्या खाचा

पहिल्या खाचेपासून कानाची बाहेरची नळी होते. तिच्या दोन्ही काठांवर, पहिल्या आणि दुसऱ्या कमानीवर, तीन-तीन उंचवटे येतात आणि ते जोडून कानाची पाळी बनते. कान आधी मानेपाशी असतो आणि जबडा वाढत जातो तसा वर सरकतो. कानासमोर सुईनं टोचल्यासारखं बारीक छिद्र काहींना जन्मतः असतं, ते या उंचवट्यांच्या जोडावरचं. त्रास नसेल तर त्याला हात लावायची गरज नाही.

दुसरी, तिसरी आणि चौथी खाच मात्र झाकली जाते. बांगड्याचं झाकण आठवा. दुसऱ्या कमानीची कड वाढून खाली सरकते आणि बाकीच्या खाचा तिच्याखाली पुरल्या जातात. सुरीच्या पात्यानं निळा थर खाली ओढून हे करून बघा. आत राहिलेली पोकळी मिटायला हवी. मिटली नाही तर वर्षांनंतर, बऱ्याचदा ऐन तरुणपणी सर्दीनंतर, मानेच्या बाजूच्या स्टर्नोमॅस्टॉइड स्नायूच्या पुढच्या काठाला मऊ गाठ येते: ब्रँकियल सिस्ट. वाट दोन्हीकडून उघडी राहिली तर बाहेरचं तोंड मानेवर आणि आतलं टॉन्सिलच्या खोबणीत असतं, आणि ती दोन कॅरॉटिडच्या मधून जाते. का? दुसऱ्या आणि तिसऱ्या कमानीच्या मधली वाट दुसरीच्या खालून आणि तिसरीच्या वरूनच जाणार. पण चाळिशीनंतर पहिल्यांदाच अशी गाठ आली, तर सिस्ट म्हणून सोडून देऊ नये. कर्करोग नाही ना हे आधी तपासावं.

आतले खिसे

पहिला खिसा मध्यकर्ण आणि घशाशी जोडणारी नळी. दुसरा टॉन्सिल. तिसरा आणि चौथा इथे थांबायला लावतात.

तिसऱ्या खिशातून दोन अवयव निघतात, थायमस (प्रतिकारशक्तीची ग्रंथी) आणि पॅराथायरॉइडची (कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींची) एक जोडी. चौथ्यातून पॅराथायरॉइडची दुसरी जोडी, शिवाय थायरॉइडमधल्या कॅल्सिटोनिन करणाऱ्या पेशी. थायमसला छातीत उतरायचं असतं आणि जाताना तो आपल्या जोडीदाराला सोबत ओढत नेतो. वाटेत पॅराथायरॉइडचा हात सुटतो, साधारण थायरॉइडच्या खालच्या टोकाशी. चौथ्या खिशातली जोडी फारशी हलत नाही. म्हणजे वरच्या खिशातून निघालेली खाली पोचते आणि खालच्या खिशातून निघालेली वर राहते. इथे पाठांतर उलटसुलट होतं. त्यापेक्षा पिवळ्या कणकेचे चार बारीक गोळे करा आणि थायमससह दोन खाली सरकवा. एकदा केलं की पुरे.

हात कधी उशिरा सुटतो, कधी सुटतच नाही. म्हणून खालची पॅराथायरॉइड जबड्याच्या कोनापासून छातीतल्या थायमसपर्यंत कुठेही सापडू शकते, आणि शस्त्रक्रियेत ती शोधणारा सर्जन नकळत पाचव्या-सहाव्या आठवड्याचीच वाट पुन्हा चालत असतो. बाविसाव्या क्रोमोसोमचा एक बारीक तुकडा गळाला की हे दोन खिसे नीट घडत नाहीत. मग बाळाला कॅल्शियम कमी होऊन झटके, थायमस नसल्यानं वारंवार जंतुसंसर्ग, आणि जोडीला हृदयदोष व टाळूचा दोष दिसतो.

जीभ आणि थायरॉइड

आरशासमोर जीभ बाहेर काढा. पुढचे दोन तृतीयांश पहिल्या कमानीचे, म्हणून स्पर्श पाचवीकडे. मागचा एक तृतीयांश तिसऱ्या कमानीचा, स्पर्श आणि चव दोन्ही नववीकडे. अगदी मागे, स्वरयंत्राजवळ, चौथ्या कमानीची पट्टी, तिथे दहावी. दुसऱ्या कमानीचा भाग तिसरीखाली झाकला जातो. पण सातवीची एक शाखा, कॉर्डा टिंपनी, आधीच पहिल्या कमानीच्या मुलखात शिरलेली असते. पुढच्या भागाची चव तिच्याकडे. दोन मुलखांच्या सीमेवर इंग्रजी व्ही आकाराची रेघ. तिच्या लगत पुढे मोठे गोल उंचवटे असतात. ते रेघेच्या पुढे असूनही नववीचे, कारण मागचं अस्तर थोडं पुढे सरकलेलं असतं.

स्नायू या सगळ्यांत परके. ते डोक्याच्या मागच्या सोमाइटमधून, म्हणजे मधल्या थराच्या गोळ्यांमधून, चालत येतात आणि बारावी नर्व्ह बरोबर आणतात. अपवाद पॅलाटोग्लॉसस, तो टाळूचा, म्हणून दहावीचा.

त्या व्ही रेघेच्या टोकाला एक खळगी असते, फोरामेन सीकम. चौथ्या आठवड्यात थायरॉइड तिथून निघतो आणि हायॉइडच्या पुढून उतरत सातव्या आठवड्यापर्यंत श्वासनळीसमोर पोचतो. मागे राहिलेली नळी मिटते. मिटली नाही तर मानेच्या मधोमध सिस्ट होते. ती ओळखायची रीत सोपी: रुग्णाला तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगा आणि गाठीवर बोट ठेवा. गाठ वर सरकली तर ती जिभेशी आणि हायॉइडशी बांधलेली आहे. नुसती गाठ काढली की ती बऱ्याचदा परत येते. नळी हायॉइडला इतकी चिकटून असते, की त्या हाडाचा मधला तुकडाही काढावा लागतो. वॉल्टर सिस्ट्रंक यांनी १९२० मध्ये ही शस्त्रक्रिया मांडली आणि आजही तीच केली जाते. पण त्याआधी सोनोग्राफी करून थायरॉइड आपल्या जागी आहे हे पाहायलाच हवं. कधी कधी ती गाठ हाच रुग्णाचा एकमेव थायरॉइड असतो.

चेहरा: आता कणीक बाजूला, स्वतःचे हात घ्या

चौथ्या आठवड्याच्या शेवटी भावी तोंडाभोवती पाच उंचवटे असतात: वर कपाळाचा एक, बाजूंना वरच्या जबड्याचे दोन, खाली खालच्या जबड्याचे दोन. कपाळाच्या उंचवट्यावर नाकाच्या दोन खळग्या पडतात आणि प्रत्येकीला आतला व बाहेरचा काठ येतो. बाजूचे उंचवटे मधे सरकतात, नाकाचे आतले काठ एकमेकांना भेटतात, आणि त्यांच्यापासून वरच्या ओठाचा मधला भाग, पुढचे चार दात धरणारा जबडा आणि टाळूचा पुढचा त्रिकोण होतो. ओठावर नाकाखाली जी उभी पन्हळ आहे तिच्या दोन्ही कडांवर बोट फिरवा. तुमचा जोड तिथे झाला. एका बाजूला झाला नाही तर एका बाजूचा दुभंगलेला ओठ, आणि तो उजवीपेक्षा डावीकडे जास्त दिसतो. मधोमध दुभंग फार क्वचित.

टाळूसाठी दोन्ही तळहात समोर उभे धरा, बोटं जमिनीकडे, आणि मधे कुणाची तरी मूठ असू द्या. मूठ म्हणजे जीभ, तळहात म्हणजे टाळूचे दोन पडदे. सातव्या-आठव्या आठवड्यात जबडा वाढतो, मूठ खाली जाते, आणि तळहात वर उचलून आडवे होत एकमेकांना भेटतात. मग पुढून मागे शिवण पडत जाते आणि बाराव्या आठवड्यापर्यंत पडजिभेपर्यंत पोचते. आता मूठ खाली जाऊच देऊ नका: तळहात भेटणार नाहीत. जबडा लहान राहिला, जीभ वरच अडली आणि टाळू रुंद उघडा राहिला, असं जन्मतः दिसतं ते याच क्रमानं. मुलींमध्ये हे पडदे सुमारे आठवडाभर उशिरा जुळतात. नुसता टाळूच दुभंगलेला असणं मुलींत जास्त आढळतं, त्याचं हे एक कारण मानलं जातं.

ग्रहणाबद्दल, बाळाच्या आईशी बोलताना

आपल्याकडे दुभंगलेल्या ओठाचं बाळ झालं की पहिला प्रश्न येतो: ग्रहणात विळीवर काही चिरलं होतंस का? प्रसूती वॉर्डात सासूनं, आजीनं, कधी शेजारच्या खाटेवरच्या बाईनं हे विचारलेलं मी ऐकलंय, आणि ते ऐकून ती आई जी मान खाली घालते, ते मला सोसवत नाही. इथे आपलं दिवसांचं गणित कामाला येतं. ओठ सातव्या आठवड्याच्या शेवटापर्यंत जोडला गेलेला असतो, म्हणजे रिपोर्टवर नऊ आठवडे. पाचव्या-सातव्या महिन्यातल्या ग्रहणाच्या कितीतरी आधी ते होऊन गेलेलं असतं. आणि त्या सात आठवड्यांतही विळीचा, सुरीचा, सावलीचा ओठाशी संबंध नाही. कारणं जनुकांत आणि इतर काही गोष्टींत असतात: धूम्रपान, आईचा आधीपासूनचा मधुमेह, फिटच्या काही गोळ्या, मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन. फिटच्या गोळ्या मनानं बंद करणं आईच्या जिवावर बेतू शकतं; बाळाचा विचार सुरू असेल तेव्हाच डॉक्टरांशी बोलून त्या बदलाव्यात. फॉलिक ॲसिडही गर्भ राहण्याआधीपासून घ्यावं, कारण पाळी चुकल्याचं कळेपर्यंत कमानी उभ्या राहायला लागलेल्या असतात.

पुष्कळ बाळांत कुठलंच एक कारण सापडत नाही. तेव्हा ‘तुमच्या हातून काही चुकलं नाही’ हे वाक्य आईला स्पष्ट, घरच्यांसमोर आणि पहिल्याच दिवशी सांगा.

मग कामाला लागा. नुसता ओठ दुभंगला असेल तर बरीच बाळं अंगावर पिऊ शकतात. टाळू उघडा असेल तर ओढायला जोर मिळत नाही. आईचं दूध पिळून वाटी-चमच्यानं किंवा खास बाटलीनं, बाळाला बसतं धरून, थोडं थोडं पाजावं, आणि वजन दर आठवड्याला बघावं. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत होते. दहा आठवडे वय, दहा पौंड वजन, दहा हिमोग्लोबिन हा जुना ठोकताळा सर्जन आजही सांगतात. टाळूची शस्त्रक्रिया नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, बोलणं पक्कं होण्याआधी. टाळूच्या बाळांचे कान मात्र विसरू नका. टाळू ताणणारा स्नायूच घशातून कानाकडे जाणारी नळी उघडतो. तो नीट काम करत नसला की मध्यकर्णात पाणी साचून ऐकू कमी येतं, म्हणून श्रवणतपासणी लवकर आणि पुन्हा पुन्हा करावी लागते. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे. आशाताई, अंगणवाडी किंवा जिल्हा रुग्णालयात विचारलं की मोफत शस्त्रक्रियेची वाट कळते. डिस्चार्ज कार्डवर वजनाची आणि श्रवणतपासणीची तारीख लिहून दिलीय ना, हे निघण्याआधी बघून घ्या.